माप

डेलिया बील माझ्या खोलीत आली
तेव्हा बंदरावरचं धुकं शाळेच्या पायरीपर्यंत चढलं होतं.
फाइल तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली,
पिशवीला आमिषाचा, खारवलेल्या हेरिंगचा वास.
मागे आजोबा. टोपी डोक्यावर, दोन्ही हात खिशात.

मी या शाळेची नर्स.
ताप, घोळणा, गणिताच्या तासाची पोटदुखी,
आणि वर्षातून एकदा, विज्ञान प्रदर्शनाआधी,
तिघांच्या समितीतली तिसरी सही.
ओगडन सरांची झाली होती. मुख्याध्यापकांची झाली होती.
माणसावर प्रयोग करायचा
तर आधी तीन मोठ्या माणसांनी
कागदावर घाबरून घ्यायचं असतं.

नाव: मर्ल बील. वय: चौऱ्याहत्तर.
विषय: पेनाला शिशाचं वजन बांधलं
तर हाताचा कंप कमी होतो का.
'संभाव्य धोका' या रकान्यात तिनं लिहिलं होतं
"आजोबा कंटाळतील",
मग ते खोडून, सरांच्या सांगण्यावरून, "किमान".
'सहभागी व्यक्ती केव्हाही माघार घेऊ शकते':
इथं म्हातारा म्हणे घरी मोठ्यानं हसला होता.

पान चार. संमती.
सही पाहिली आणि मी चष्मा काढून पुसला.
पहिल्या अक्षरापासूनच लाट,
लाटेवर लाट, शेवटचं अक्षर रेषेखाली बुडालेलं.
पन्नास वर्षं दोरावर ज्याचा हातखंडा,
अंधारात गाठ मारताना ज्याच्या बोटांना डोळे,
त्याची ही सही.
आणि कडेला, पेन्सिलीनं, बारीक, डेलियाच्या अक्षरात:
शिखरं एक्केचाळीस. सर्वांत उंच सात मिलिमीटर.
साधं पेन. वजन नाही.

"हे मोजलंस तू?"
"हो. सगळ्यांत खरं हेच आहे, मॅडम.
मी मोजणार आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं ना."

तारीख होती तीन नोव्हेंबर.
आज नऊ.
मंजुरीआधीचं एकही माप धरता येत नाही.
मी नियमावर बोट ठेवलं,
खरोखरचं बोट, तिसऱ्या पानाच्या तळाशी,
आणि पोर नुसती बोटाकडे बघत राहिली.

खरं सांगते, माझ्या पेनात
सहा दिवस मागं जाण्याइतकी शाई होती.
एक आकडा तर लिहायचा.
कुणाच्या बापाचं काय जाणार होतं?

तेवढ्यात म्हाताऱ्यानं खिशातून हात काढला,
फाइल आपल्याकडे ओढली,
आणि आपल्याच सहीवर अंगठा नि तर्जनी ताणून धरली,
शेवंडाच्या डोळ्याच्या खोबणीपासून
पाठीच्या टोकापर्यंत पितळी माप धरतात तशी.
बोटं थरथरत होती. माप त्यांच्यासोबत थरथरत होतं.
"आखूड आहे," म्हणाला. "परत पाण्यात."
"पण आजोबा..."
"आखूड ते आखूड.
बोटीवर आपल्याशिवाय कुणी नसतं, तेव्हासुद्धा."

डेलियानं माझ्याकडे खोडरबर मागितलं.
एक्केचाळीस गेले, सात मिलिमीटर गेले,
थोडा चुरा राहिला, तो तिनं फुंकला.
सही तशीच ठेवली. ती संमती होती, आकडा नव्हता.

मग मी सही केली. नऊ नोव्हेंबर.
एका झटक्यात, सरळ, नेहमीसारखी.
म्हातारा वाकून बघत होता,
दुसऱ्याच्या पाटीतला मासा बघावा तसा.
"चांगला हात आहे," म्हणाला.
मला काही सुचेना. मी पेनाला टोपण लावलं.

खिडकीतून पाहिलं तर
ट्रकच्या बॉनेटवरच त्यांनी सुरुवात केली होती.
रबरबँडनं पेनाला गळाचं शिसं बांधलेलं,
धुक्यात दोन डोकी एका कागदावर.
"हं, एक," तिचा आवाज आला.
मग बराच वेळ काही नाही.
"पुन्हा," तो म्हणाला.